काकूंचं टीव्ही लायसन्स: एका घराचं प्रकरण आणि सक्तीच्या फीचा प्रश्न

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका शहरात राहणाऱ्या एका मराठी बाईंचं हे प्रकरण आहे. त्यांना इथे काकूच म्हणते. वय ७८, दोन खोल्यांचं जुनं पण स्वतःचं घर, नवरा २०२३ च्या शेवटी गेला, तेव्हापासून एकट्या. मुलगी आणि जावई दीड तासाच्या अंतरावर दुसऱ्या शहरात. इथल्या मराठी ज्येष्ठांना सरकारी कागदपत्रांत मदत करणारा आमचा एक छोटा गट आहे, त्यातून हे माझ्याकडे आलं. काकूंची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय, पैशांचे आकडे गोल केलेत पण हिशोब तोच आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी नियम सांगते. ब्रिटनमध्ये घरी टीव्ही बघायचा तर टीव्ही लायसन्स लागतं. हे लायसन्स घराच्या पत्त्याला असतं, त्या घरात टीव्ही एक असो की चार. २०२५-२६ मध्ये त्याची फी वर्षाला १७४.५० पाउंड होती. फीचा जवळपास सगळा पैसा बीबीसीला जातो, त्यांना यातून वर्षाला सुमारे ३.८ अब्ज पाउंड मिळतात. लायसन्स लागत असताना घेतलं नाही तर तो गुन्हा धरतात, इंग्लंडमध्ये १००० पाउंडपर्यंत दंड होऊ शकतो. नुसता रेडिओ ऐकायला मात्र १९७१ पासून काहीच लागत नाही.

काकू १९७२ ला लग्न होऊन इथे आल्या. इंग्रजी शाळेपुरतं, थंडी अंगावर येणारी, नवरा कारखान्यात शिफ्टला. तेव्हा रविवारी सकाळी बीबीसी टीव्हीवर आशियाई लोकांसाठी 'नई ज़िंदगी नया जीवन' हा हिंदुस्तानी भाषेतला कार्यक्रम लागायचा, आठवडाभरात घराबाहेरून कानावर पडणारी ओळखीची भाषा काय ती तेवढीच. पुढे बोलण्यातलं इंग्रजी पण बीबीसीच्या रेडिओवरच शिकल्या. हे सांगायचं कारण म्हणजे काकूंचा या फीला विरोध कधीच नव्हता. नवरा होता तोवर दर महिन्याला त्याच्या खात्यातून डायरेक्ट डेबिटने पैसे जायचे आणि विषय संपायचा.

मधली काही वर्षं तर त्यांना फी नव्हतीच. २००० सालापासून ७५ च्या पुढच्या माणसांना लायसन्स फुकट होतं, खर्च सरकार द्यायचं, आणि काकूंचा नवरा त्या वयात बसत होता. पण २०१५ च्या समझोत्यात सरकारने ही जबाबदारी बीबीसीवर टाकली. हा खर्च २०२१-२२ पर्यंत वर्षाला ७४.५ कोटी पाउंडवर जाईल असा अंदाज होता, म्हणजे चॅनल बंद करायची वेळ आली असती, म्हणून बीबीसीने १ ऑगस्ट २०२० पासून सवलत फक्त पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्यांपुरती ठेवली. पेन्शन क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना सरकारकडून मिळणारी भर. त्या बदलाने साधारण ३७ लाख वृद्ध घरांना पुन्हा फी लागू झाली, त्यातलं एक घर काकूंचं.

अडचण

नवरा गेल्यावर बँकेने त्याचं खातं बंद केलं आणि खात्याबरोबर डायरेक्ट डेबिटही गेलं. गॅस, वीज, पाणी यांची बिलं मुलीने एकेक करून आईच्या नावावर घेतली, लायसन्स कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काही महिन्यांनी पत्रं यायला लागली, गेलेल्या माणसाच्या नावाने. काकू ती न उघडता देवघराखालच्या खणात ठेवायच्या. त्यांचं म्हणणं, 'ह्यांच्या नावाचं पत्र मी कसं फाडू?' मग नावाऐवजी 'घरातील रहिवासी' असं लिहिलेली पत्रं आली, लाल अक्षरातली, त्यात कोर्ट आणि दंड हे शब्द. तीही खणातच गेली, पण काकू रात्री दिवा बंद करून, आवाज बारीक करून टीव्ही बघायला लागल्या. दाराची बेल वाजली की टीव्ही बंद. २०२५ च्या वसंतात मुलगी खण आवरत होती तेव्हा तिला तो गठ्ठा मिळाला, आणि आई अंधारात का बसते त्याचा उलगडाही तेव्हाच झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. लायसन्स तपासायला येणाऱ्या माणसाला कोर्टाच्या वॉरंटशिवाय घरात शिरायचा अधिकार नाही, तुम्ही दार लावून घेऊ शकता. काकूंना हे माहीत नव्हतं, आपल्यातल्या बहुतेक वृद्धांना माहीत नसतं. आणि भीती काही हवेतली नव्हती. या गुन्ह्यात कोर्टात जाणाऱ्यांमध्ये बऱ्याच वर्षांपासून सुमारे तीन चतुर्थांश बायका आहेत. त्याचं मुख्य कारण साधं आहे, तपासनीस येतो तेव्हा घरात बाई असते, दार ती उघडते आणि खरं काय ते सांगून टाकते.

समोरचे पर्याय

घरात तीन माणसं, तिघांची तीन मतं.

मुलगी म्हणाली, पैसे मी भरते आणि विषय मिटवून टाकू. काकूंना ते नको होतं. 'आजवर कुणाकडून घेतलं नाही गं, आता टीव्हीसाठी घेऊ?'

जावई तत्त्वाने विरोधात. त्यांचं म्हणणं असं की नेटफ्लिक्सला मी माझ्या मर्जीने पैसे देतो, नको झालं की बंद करतो, मग एकाच संस्थेला कायद्याचा धाक दाखवून पैसे का द्यायचे, आणि तेही आई बीबीसी फारसं बघतच नाहीत तर. 'लायसन्सची गरज नाही' असं ऑनलाइन कळवून टाकायचं, पत्रं थांबतील, असा त्यांचा सल्ला. असं कळवायची सोय खरोखर आहे आणि जे खरंच लाइव्ह टीव्ही बघत नाहीत त्यांनी ती जरूर वापरावी.

आणखी एक पर्याय कुणी तोंडाने म्हटला नव्हता पण वर्षभर तोच चालू होता, पत्रं खणात टाकत राहायचं.

मला जावयांचा मुद्दा फेटाळावासा वाटला नाही, म्हणून आधी काकू काय बघतात ते नीट लिहून काढलं. सकाळी बीबीसीच्या बातम्या. दुपारभर स्वयंपाकघरात रेडिओ. जून-जुलैत विम्बल्डन, ते त्या नवऱ्याबरोबर बघायच्या आणि आता एकट्या बघतात. आणि रोज संध्याकाळी नातवाने लावून दिलेल्या डब्यावर भारतातलं मराठी चॅनल, लाइव्ह.

या शेवटच्या ओळीशी गाडी अडली. बहुतेकांना वाटतं लायसन्स म्हणजे बीबीसीसाठी. तसं नाही. कुठल्याही देशाचं, कुठलंही चॅनल, कुठल्याही डब्यावर किंवा ॲपवर किंवा मोबाइलवर, ते प्रसारित होत असताना बघितलं की लायसन्स लागतं. शिवाय २०१६ च्या सप्टेंबरपासून बीबीसीच्या आयप्लेअरवर मागचे कार्यक्रम बघायलाही लागतं. नेटफ्लिक्सवरचा सिनेमा किंवा यूट्यूबवर आधीच टाकून ठेवलेला व्हिडिओ बघायला लागत नाही. म्हणजे काकूंनी बीबीसीचं तोंड बघितलं नसतं तरी रात्रीच्या मराठी मालिकेपायी लायसन्स लागलंच असतं. जावयांनी हे वाचलं आणि स्वतःच म्हणाले, मग आईंना खोटं लिहायला सांगणार नाही. त्यांचा फीला विरोध तसाच राहिला, पण त्यापायी ७८ वर्षांच्या बाईला खोट्या कागदावर सही करायला लावायची नाही एवढं त्यांना लगेच पटलं.

राहिला शेवटचा पर्याय, पेन्शन क्रेडिट मिळवायचं आणि त्याच्या जोरावर लायसन्स फुकट घ्यायचं. मुलीने ऑनलाइन आकडेमोड केली. काकूंची सरकारी पेन्शन आठवड्याला सुमारे २०५ पाउंड, नवऱ्याच्या कारखान्याकडून विधवा म्हणून ७२. बँकेत १३ हजार शिल्लक, त्यातल्या पहिल्या १० हजारांकडे बघत नाहीत, पुढच्या दर ५०० ला आठवड्याचा एक पाउंड उत्पन्न धरतात, म्हणजे आणखी ६. एकूण २८३. एकट्या माणसासाठी २०२५-२६ ची मर्यादा २२७.१०. जुन्या पेन्शनवाल्यांसाठी सेव्हिंग्ज क्रेडिट म्हणून जो दुसरा भाग असतो तोही या आकड्याला शून्यावर येत होता. उत्तर आलं, नाही मिळणार. मुलीने तिथेच तो विचार सोडला.

काय केलं

पहिलं काम, लायसन्स काकूंच्या नावावर नवीन काढलं, त्यांच्या स्वतःच्या खात्यातून हप्त्याने. यावर चर्चा झाली, कारण थांबून बघू असंही एक मत होतं. पण काकूंची झोप उडाली होती, आणि पुढे सवलत मिळालीच तर जास्तीचे पैसे परत मागता येतात, तेव्हा थांबण्यात काही मिळवायचं नव्हतं. लायसन्स आलं त्या संध्याकाळी काकूंनी दिवा लावून मालिका बघितली असं मुलीने मला फोनवर सांगितलं. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता, हिशोब नंतर, आधी माणसाची भीती काढली.

दुसरं काम जास्त किचकट निघालं. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत काकूंना घेऊन गेलो. तिथल्या सल्लागार बाईंनी टीव्हीबद्दल काही न विचारता काकूंच्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, सकाळी बटणं कोण लावतं?

काकूंना संधिवात आहे, दोन-तीन वर्षं झाली. केस धुवायला शेजारची गुजराती बाई येते. बाथटबमध्ये एकदा पाय घसरल्यापासून आंघोळ मुलगी असेल त्या दिवशीच, एरवी बसून अंग पुसून घेतात. हे सगळं मुलीलाही पूर्ण माहीत नव्हतं. पेन्शनच्या वयानंतर रोजच्या कामात मदतीची गरज लागणाऱ्यांसाठी अटेंडन्स अलाउन्स असतो, २०२५-२६ मध्ये तो कमी दराने आठवड्याला ७३.९०, जास्त दराने ११०.४० पाउंड होता. तो उत्पन्न बघून देत नाहीत आणि पेन्शन क्रेडिटच्या हिशोबात तो उत्पन्न म्हणून धरतही नाहीत. पण खरी किल्ली पुढे आहे. माणूस एकटा राहत असेल, त्याला हा अलाउन्स मिळत असेल, आणि त्याची काळजी घेतो म्हणून दुसरं कुणी केअरर्स अलाउन्स घेत नसेल, तर पेन्शन क्रेडिटची मर्यादाच वर सरकते, २०२५-२६ मध्ये ८२.९० ने. काकूंची मर्यादा २२७.१० वरून ३१० झाली असती, आणि त्यांचं २८३ त्याच्या आत बसत होतं. साध्या ऑनलाइन हिशोबात हे दिसलं नाही कारण अलाउन्स मिळतो का या प्रश्नाला मुलीने खरं तेच उत्तर दिलं होतं, नाही.

फॉर्म भरणं हीच मोठी लढाई झाली. प्रत्येक प्रश्नाला काकूंचं उत्तर, 'जमतं मला.' कपडे घालता येतात का? जमतं. रात्री उठावं लागतं का? जमतं. 'मी काय अपंग आहे का गं, असं कागदावर कशाला लिहायचं?' आपल्याकडच्या त्या पिढीच्या बायकांनी आयुष्यभर हेच केलंय, दुखणं अंगावर काढायचं आणि विचारलं की बरी आहे म्हणायचं, आणि असल्या फॉर्मवर तीच सवय त्यांच्या विरोधात जाते. सल्लागार बाईंनी प्रश्न फिरवला, जमतं ते कळलं, पण किती वेळ लागतो, दुखतं का, आणि शेजारीण आली नाही तर काय करता? यावर काकू बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'नाही आली तर केस तसेच ठेवते.' ते फॉर्मवर जसंच्या तसं लिहिलं.

निकाल

उन्हाळ्यात अलाउन्स कमी दराने मंजूर झाला. लगेच पेन्शन क्रेडिटचा अर्ज, तोही मंजूर, मुख्य भागाचे आठवड्याला २७ पाउंड आणि वर सेव्हिंग्ज क्रेडिटची भर. त्या पत्राच्या आधारावर टीव्ही लायसन्स फुकट झालं आणि भरलेल्या हप्त्यांतले काही पैसे परत आले. पेन्शन क्रेडिटच्या मुख्य भागामुळे काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, पण माफ झाला, ती रक्कम लायसन्सच्या कितीतरी पट आहे. म्हणजे १७४.५० पाउंडच्या मागे लागलो आणि वर्षाला काही हजार पाउंडचा हक्क हाती आला, जो आधीपासून त्यांचा होता.

एक गुंता राहिला. काकू दर हिवाळ्यात दोन महिने पुण्याला बहिणीकडे जातात. चार आठवड्यांपेक्षा जास्त परदेशी राहायचं ठरवून गेलात तर पेन्शन क्रेडिट बंद होतं, परत आल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो. अटेंडन्स अलाउन्सला तेरा आठवड्यांपर्यंत चालतं. मुलीने सुचवलं, यंदा महिन्याभरात परत ये. काकूंनी ऐकलं नाही. 'बहीण माझ्याहून मोठी आहे, पैसे काय परत मिळतील.' जाण्याआधी तारखा रीतसर कळवल्या, क्रेडिट थांबलं, परत आल्यावर पुन्हा अर्ज असं ठरलं. न कळवता जाणारे लोक मला माहीत आहेत आणि नंतर जास्तीचे दिलेले पैसे वसूल करणारी पत्रं येतात तेव्हा त्यांची जी अवस्था होते तीही बघितलीय, तेव्हा या बाबतीत काकूंचा निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो.

मग सक्तीची फी असावी का

हे प्रकरण लिहायला घेतलं ते याच प्रश्नासाठी. जावई आणि मी यावर फोनवर खूप वाद घातला, आणि आमचं एकमत झालं नाही.

त्यांचा सबस्क्रिप्शनचा मुद्दा ऐकायला सरळ आहे, ज्याला हवं तो भरेल. पण काकूंच्या दिवसाकडे बघा. सगळ्यात जास्त वेळ रेडिओ चालू असतो, आणि स्वयंपाकघरातल्या साध्या रेडिओला कुलूप लावता येत नाही, पैसे भरणाऱ्यालाच ऐकू जाईल अशी सोय त्यात नाही. घरोघरच्या अँटेनावर चालणाऱ्या बहुतेक टीव्हीतही नाही. सबस्क्रिप्शन आलं तर आधी जाईल ते ज्याचा ग्राहक पैसेवाला नाही ते, स्थानिक रेडिओ, छोट्या भाषांचे कार्यक्रम, शाळकरी मुलांचे कार्यक्रम. १९७२ ला इथे आलेल्या काकूंसाठी रविवारचा तो कार्यक्रम कुठल्याही कंपनीने धंदा म्हणून काढला नसता. म्हणून पैसा सगळ्यांकडून यावा, आणि तो सक्तीचा असावा, असं माझं ठाम मत आहे.

सरकारी तिजोरीतून द्या असं म्हणणाऱ्यांना आपल्या देशाचंच उदाहरण देते. भारतात रेडिओ आणि टीव्ही दोन्हीला लायसन्स होतं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, वडीलधाऱ्यांना ते पुस्तक आठवत असेल. १९८० च्या दशकात ते रद्द झालं. मग १९९० चा प्रसार भारती कायदा आला, १९९७ ला तो लागू झाला, कागदावर आकाशवाणी-दूरदर्शन स्वायत्त झाले. पण पगारापासून यंत्रसामग्रीपर्यंत मोठा खर्च केंद्राच्या अनुदानातून. जो दरवर्षी चेक लिहितो त्याला अवघड प्रश्न विचारणारी बातमी रोज संध्याकाळी देता येते का, याचं उत्तर आपण सगळ्यांनी बघितलंय. फ्रान्सने २०२२ ला १३८ युरोची फी रद्द करून व्हॅटमधला वाटा द्यायला सुरुवात केली, तिथेही पत्रकारांची काळजी हीच होती.

अर्थात फी आहे म्हणून सरकारचा हात लांब राहतो असंही नाही. २०१५ चं वृद्धांचं ओझं सरकारनेच टाकलं, २०२२ ला फी दोन वर्षं १५९ पाउंडवर सरकारनेच गोठवली. काकूंच्या खणातल्या त्या गठ्ठ्याचं मूळ या राजकारणात आहे.

पण माझा खरा आक्षेप सक्तीवर नाहीच, सगळ्यांना सारखी रक्कम यावर आहे. काकूंच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या हिशोबाने १७४.५० म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. वर्षाला साठ हजार पाउंड कमावणाऱ्या घराला तीच फी ०.३ टक्का सुद्धा पडत नाही. आणि गरिबाला सूट आहे म्हणावं तर ती अशा भत्त्यावर टांगलीय जो हक्क असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक मागतच नाहीत, कारण त्यांना माहीत नसतं किंवा मागायची लाज वाटते. काकूंना सूट मिळाली ती एका बाईंनी त्यांच्या बोटांकडे बघितलं म्हणून. हा योगायोग झाला, याला व्यवस्था म्हणता येत नाही.

जर्मनीत २०१३ पासून घरामागे फी घेतात, टीव्ही आहे का, लाइव्ह बघता का हे विचारतच नाहीत, त्यामुळे दारावर तपासनीस नाही. पण रक्कम तिथेही सपाट, महिन्याला १८.३६ युरो. फिनलंडने त्याच वर्षी पुढचं पाऊल टाकलं, प्रत्येक प्रौढाकडून उत्पन्नाच्या प्रमाणात, वर एक कमाल मर्यादा, आणि वसुली कर खात्याकडून. कमी उत्पन्नवाल्याला आपोआप शून्य, अर्ज नाही, फॉर्म नाही. ठरावीक कामासाठी वेगळा काढलेला कर असल्याने तो नेहमीच्या बजेटमध्ये विरघळत नाही. मला हा मार्ग सगळ्यात न्याय्य वाटतो, आणि बीबीसीची सध्याची सनद २०२७ च्या अखेरीस संपतेय तेव्हा बदलायची वेळही हीच आहे. निदान लायसन्स नसणं हा फौजदारी गुन्हा न ठेवता साधी थकबाकी धरावी, एवढं तरी लगेच करता येईल.

काकूंना हे सगळं सांगितलं तर त्यांना वेगळ्याच गोष्टीत रस. बीबीसीच्या परदेशी भाषांच्या सेवेचा बराचसा खर्चही लायसन्स फीतून जातो. २०१७ ला मराठी सेवा सुरू झाली ती मात्र सरकारच्या खास अनुदानातून. हे ऐकून त्या म्हणाल्या, 'म्हणजे इथल्या लोकांच्या पैशातून लांबची माणसं बातम्या वाचतात, वाचू देत की, चांगलंच आहे.' फुकट लायसन्स मिळायच्या आधी म्हणाल्या होत्या हे, स्वतःच्या खात्यातून हप्ता जात असताना.

वेगळं काय करता आलं असतं

घरातला माणूस गेल्यावर त्याच्या बँक खात्यातून काय काय जात होतं त्याची मागच्या वर्षभराची यादी काढायची, खातं बंद व्हायच्या आधी. या प्रकरणातला सगळा त्रास त्या एका यादीने टळला असता. लायसन्स पत्त्याचं असतं, नाव आणि खातं बदलायला एक फोन पुरतो.

ऑनलाइन हिशोबात पेन्शन क्रेडिट थोडक्यात हुकलं तर तिथे थांबू नये, आधी अटेंडन्स अलाउन्सचा विचार करावा. काकूंचे मधले काही आठवडे वाया गेले आणि अलाउन्स मागच्या तारखेपासून देत नाहीत, तेवढे पैसे गेले ते गेलेच. पेन्शन क्रेडिट तीन महिने मागे नेता येतं, पण तेव्हा हक्क बसत असला तरच.

एक सावधगिरी. हे दोन्ही सरकारी निधीतले भत्ते आहेत, ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधी घेऊ नये अशी अट आहे त्यांनी अर्ज करू नये, व्हिसाच अडचणीत येतो. मुलांकडे व्हिसावर आलेल्या आईवडिलांना काकूंचा मार्ग लागू नाही, काकू इथल्या नागरिक आहेत. त्या आईवडिलांना टीव्ही बघायला वेगळं लायसन्स लागत नाही, मुलांच्या घराचं असेल तर तेच पुरतं. आणि मुलांच्या घराचं नसेल, पण आजी-आजोबा दुपारी मोबाइलवर मराठी चॅनल लाइव्ह लावून बसत असतील, तर त्या घराला लायसन्स लागतं, हे आमच्या गटात विचारणाऱ्या जवळपास प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं.